आक्काची हरकत

आक्का,

तुझं बारावं आटोपलं आणि गेल्या सोमवारी मी ओरोसला जिल्हा कचेरीत कामावर हजर झालो. शाखेतली माणसं एकेक करून टेबलापाशी येऊन गेली. नव्यानं बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यांनी आपुलकीनं विचारलं, "बहीण कुठल्या गावची तुमची?" आणि माझ्या तोंडातून गावाच्या नावाऐवजी जिल्हा परिषद गटाचं नाव गेलं. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. "म्हणजे खाडीपलीकडच्या," ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यात चूक काहीच नव्हती. पण मग मी उठून मागच्या नळावर गेलो आणि बराच वेळ तोंड धूत राहिलो. बारा दिवस कोरडे गेले होते. तुझ्या चितेपाशीही माझे डोळे भरले नव्हते, ते त्या एका शब्दावर भरले.

तुझ्याशी मी जन्मभर मालवणीत बोललो, पण कागदावर माझा हात ऑफिसच्या मराठीतच चालतो. तू यावरून हसायचीस. "तुझी चिठी वाचूक घेतलंय की माका वाटता, माझ्यावर नोटीस इली," म्हणायचीस. आजही हात तसाच चालणार. चालवून घे.

तुझं लग्न झालं तेव्हा मी आठवीत होतो. वऱ्हाड होडीतूनच गेलं, कारण सासर समोरच, खाडीच्या पलीकडच्या काठावर. आपला गाव अलतड, तुझा पलतड. आई रडत होती, बाबाही तोंड फिरवून उभे होते. तू होडीत पाय ठेवलास आणि बाबांना म्हणालीस, "रडतास कित्याक? थयसून घर दिसतला मां." आणि खरंच दिसायचं. दिवेलागणीच्या आधी तू पलीकडच्या धक्क्यावर यायचीस आणि तिथून हाक मारायचीस, "बाबल, आवशीन औषध घेतल्यान?" आईला दमा. तिला ओरडून बोलता येत नसे, म्हणून तिच्या वतीनं मी ओरडायचो. भरतीचं पाणी असलं की तुझा आवाज स्वच्छ यायचा. सुकतीला तो मधल्या चिखलात बसायचा, मग तू दोनदा विचारायचीस.

भावोजी तर, म्हणजे माणसं ने-आण करणारी होडी, चालवायचे. सकाळपासून सांजेपर्यंत त्यांची होडी या काठावरून त्या काठावर. दोन्ही गावांची हायस्कुलं दोन नव्हती, एकच होतं, ते तुमच्याकडे. स्मशान एकच होतं, ते आमच्याकडे. सुकती लागली की दोन्ही काठांवरच्या बायका चिखलात उतरायच्या आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचता वेचता मधे भेटायच्या. तू मला चिखलात चालायला शिकवलंस. कुठला चिखल पाय धरतो आणि कुठला सोडतो हे रंगावरून ओळखायचं, आणि अडकलास तर ओढाओढ करायची नाही, पाय सैल सोडायचा. मी पुढे खाडीत उतरलो नाही, खुर्चीत बसलो. पण ती खुर्चीसुद्धा तूच दाखवलीस. बाजारातून सुके बांगडे बांधून आणलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर लिपिकाच्या भरतीची जाहिरात होती. तू तो कागद झटकून, तरीत बसून, भर उन्हात आमच्याकडे घेऊन आलीस. अर्जाबरोबर जोडायच्या कात्रणाला आठवडाभर बांगड्याचा वास येत होता.

त्या नोकरीतच मला निवडणूक शाखा मिळाली, आणि केस पांढरे होईतो मी तिथेच राहिलो. मतदारयाद्या, मतदान केंद्रं, आणि निवडणुकीआधी गटांची रचना. जिल्हा परिषदेवर एक सदस्य निवडून देणारा गावांचा पुंजका म्हणजे गट. लोकसंख्या वाढते, कुठे कमी होते, मग पुंजके नव्यानं बांधावे लागतात. नियम ठरलेले आहेत. गाव फोडायचं नाही, गावं एकमेकांना लागून हवीत, प्रत्येक गटात माणसं साधारण सारखी हवीत, आणि नदी, खाडी, मोठा रस्ता अशा नैसर्गिक सीमांचा मान ठेवायचा. मी हे नियम पाठ म्हणून दाखवायचो तेव्हा तू लक्ष देऊन ऐकायचीस. तुला माझ्या कामाचा अभिमान होता. मलाही होता, हे इथे सांगून टाकतो.

गेल्या खेपेपर्यंत अलतड आणि पलतड एकाच गटात होती. खाडीकाठची चार-पाच गावं मिळून एक सदस्य जायचा, आणि तो सदस्य कुणीही असो, त्याला खाडीचं नाव घेतल्याशिवाय निवडून येता येत नसे. धक्क्याच्या पायऱ्या, त्यावरचा दिवा, तरीची शेड हे सगळं त्या एका गोष्टीमुळे झालं. राहिलं होतं ते बर्फघर. तुम्ही बायका सकाळी काढलेल्या तिसऱ्या आणि जाळ्यातली मासळी दुपारपर्यंत टिकवायची कशी, हा प्रश्न होता. बर्फ टेम्पोनं लांबून यायचा, आला तर यायचा. नाहीतर काठावर उभा असलेला व्यापारी म्हणेल त्याला माल द्यायचा. तू ग्रामपंचायतीत सदस्य झालीस ती या बर्फघरासाठीच. ठराव झाला, कागद वर गेला, जिल्ह्याच्या आराखड्यात नाव यायचं बाकी होतं. तेवढ्यात नव्या गटरचनेचा आदेश आला.

नागपंचमीला मी तुझ्याकडे जेवायला होतो. तू पातोळ्या वाढत होतीस.

"बाबल, आमचो गाव खंय टाकतत?"

"आक्का, जाहीर झाल्याबगर माका सांगूक येवचा नाय."

"माका पण नाय?"

"तुका तर नायच."

मग पातोळीवर तूप सोडत म्हणालीस, "बरा केलंस. सांगलं असतंस तर माझो तुझ्यावरचो इस्वास गेलो असतो." भावोजी हसले. मी मान खाली घालून जेवलो, कारण रेष त्याआधीच पडली होती, आणि ती माझ्याच टेबलावर पडली होती. खाडीच्या मधून. अलतड वरच्या आंबा-काजूच्या गावांना जोडली होती, पलतड हमरस्त्याकडच्या गावांना. आकडे छान जुळत होते.

मसुदा फलकावर लागला त्या दिवशी तू ओरोसला आलीस. तुझ्याबरोबर अलतडीची शेवंता होती, आणि आणखी दोघी. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. तू नकाशावर बोट ठेवून खाडी शोधलीस आणि मग बोट हळूहळू खाडीवरूनच शेवटपर्यंत नेलंस. शेवंतानं काहीतरी विचारलं. तू बोट तिथेच ठेवून तिला ती रेष दाखवलीस. तुम्ही चौघी आवारातल्या झाडाखाली बसून भाकरी खाल्लीत आणि दुपारच्या एसटीनं परत गेलात. मला खाली उतरायला दोन मिनिटं लागली असती. संध्याकाळी तुझा फोन आला. "ओरोसाक इललंय. तुझ्याकडे येवक नाय. तुझ्या कचेरीतले म्हणतीत, भैणीन येवन काय तरी सांगल्यान."

त्या फोनवर आपलं भांडण सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही.

"खाडी नैसर्गिक सीमा आसा, आक्का. नियमातच आसा ता."

"चाळीस वर्सां मी तेच्यात उतरतंय. माका कधी लागाक नाय ती सीमा."

"एका सदस्यामागे माणसां सारखी होवक व्हयी. नायतर एकाच्या मताक किंमत जास्त नि दुसऱ्याच्या कमी. ता चलात तुका?"

"चलाचा नाय," तू म्हणालीस. तुझी हीच गोष्ट मला जड जायची. तू खरं ते लगेच कबूल करायचीस आणि तिथून पुढे बोलायचीस. "मत मोजतास ता बराच. पण ता मत कोणाच्या पंगतीत बसता ता पण बघा. अलतडीक आंब्याकाजूवाल्यांच्या पंगतीत शेवटाक बसवलास, आमका हमरस्तेवाल्यांच्या. ते वायट नाय. पण तेंका बर्फ कित्याक व्हयो? तेंच्यातलो सदस्य तेंचोच रस्तो मागतलो. आणि माझा माहेर एका गटात, सासर दुसऱ्यात. धक्को कोणाचो मगे?"

मी अजूनही तुझ्याशी मनात भांडतो, आक्का. जुन्या रचनेत वरच्या गावांवर अन्याय होत होता हे खरंच आहे. त्यांची माणसं वाढली होती आणि सदस्य तेवढाच होता. रेष कुठेतरी पडणारच असते आणि ती जिथे पडेल तिथे कुणाचं तरी अंगण असतं. हे तुला मी नीट कधी सांगितलं नाही. तू ऐकून घेतलं असतंस.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

हरकती घ्यायला सुरुवात झाली. तुझा अर्ज आला तेव्हा शेवटच्या तारखेला चार दिवस होते. अर्ज शेवंता देऊन गेली. अक्षर तुझं होतं, खाली दोन्ही काठांवरच्या बायकांच्या सह्या आणि अंगठे. तू सगळं लिहिलं होतंस. शाळा, स्मशान, तर, बर्फघर. एकच गोष्ट नव्हती. पलतड अलतडीच्या गटात घ्या असं तू म्हटलं होतंस, पण मग त्या दुसऱ्या गटात कुठलं गाव द्यायचं, आणि दोन्हीकडची लोकसंख्या किती होईल, हा पर्याय नव्हता. पर्याय नसलेली हरकत कितीही खरी असली तरी टिकत नाही. हे मला माहीत होतं.

त्याच सकाळी आंबोलीकडचे एक गृहस्थ त्यांची हरकत घेऊन आले होते. पावसात भिजलेले. मी त्यांना खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि म्हणालो, "काका, नुसतं 'अन्याय झाला' लिहू नका. कुठलं गाव काढून कुठलं घालायचं ते मांडा, आणि आकडे जोडा." त्यांनी तिथेच बसून दुसरा अर्ज लिहिला. यात गुपित काही नव्हतं. जो विचारी त्याला मी हे सांगत होतो, कित्येकांना तर न विचारताच सांगितलं. तुझ्या अर्जावर मात्र मी आवक शिक्का मारला आणि तो गठ्ठ्यात ठेवला.

त्याहून वाईट सांगतो. त्या संध्याकाळी क्वार्टरवर बसून मी पेन्सिलीनं पर्याय काढून पाहिला. वरचं एक गाव इकडचं तिकडे केलं की दोन्हीकडचे आकडे नियमात बसत होते. पलतड अलतडीबरोबर राहू शकत होती. मी दोनदा बेरीज केली आणि मग तो कागद फाडला. चार दिवस फोन हाताशी होता. मनाला समजावलं की बहिणीला सांगणं म्हणजे पक्षपात. सगळ्या जिल्ह्याला सांगून फक्त बहिणीला न सांगणं हासुद्धा पक्षपातच होता, हे तेव्हा सुचलं नाही असं म्हणू का? सुचलं होतं. पण निवृत्ती जवळ आली होती, आणि आजवर माझ्या नावावर एक साधं ताशेऱ्याचं पत्र नाही, याचं मला फार अप्रूप होतं.

सुनावणीला तू माझ्या मुलीच्या लग्नातली साडी नेसून आलीस. मी कोपऱ्यात टिपणं घ्यायला बसलो होतो. साहेब बाहेरून आलेले, शांत गृहस्थ. तू पाठ करून आलेल्या मराठीत सुरुवात केलीस, "माननीय साहेब, आम्ही अर्जदार महिला असं विनंती करतो की," आणि तिथे अडकलीस. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या भाषेत बोला. मला कळतं थोडंफार."

मग तू बोललीस. "साहेब, तुमच्या कागदावर खाडी म्हणजे मधलो दगडी गडगो. आमका ता अंगण. आमची पोरां पलतडी शिकतत, आमी मेल्यार आमका अलतडी जाळतत. मधी खाडी आसा म्हणान आमी दोन गाव नाय, खाडी आसा म्हणान एक आसव. पाणी नसता तर कोण कोणाक वळाखता? आता अलतडीचो सदस्य म्हणतलो, पलतड माझी न्हय. पलतडीचो म्हणतलो, अलतड माझी न्हय. मगे धक्क्यावरचो दिवो गेलो तर तो कोणी लावचो?"

साहेबांनी लिहिणं थांबवून ऐकलं. मग विचारलं, "तुमचं म्हणणं मला पटण्यासारखं आहे. पण तुमचा गाव इकडे घेतला तर तिकडची लोकसंख्या कमी पडते. तिथे कुठलं गाव द्यायचं? तुमचा पर्याय काय?"

तू हातातले कागद उलटसुलट केलेस. मी टिपणवहीत डोळे घातले होते आणि आकडे मला तोंडपाठ होते. तू म्हणालीस, "ता माका ठावक नाय, साहेब. ता इचारतीत ह्या पण माका ठावक नाय होता."

परत जाताना तू माझ्या टेबलाजवळून गेलीस. पदर खुर्चीला लागला. तू थांबली नाहीस.

निर्णयाची पत्रं मीच टाइप केली. "सदर खाडी ही नैसर्गिक सीमा असल्याने तसेच अर्जदारांनी पर्यायी रचना सादर न केल्याने हरकत अमान्य करण्यात येत आहे." निर्णय नियमाला धरून होता. साहेबांसमोर जे होतं त्यावर त्यांनी दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

भाऊबिजेला मी आलो. तू नेहमीसारखं ओवाळलंस, नेहमीसारखं जास्त वाढलंस. जेवणं झाल्यावर भावोजी तरीवर गेले आणि तू पडवीत सुपारी कातरत बसलीस.

"पत्र तुझ्या हातचा मां?"

"होय."

"माका वळाखला. 'सदर' खंय घालूचा ता तुकाच कळता." तू हसलीस. मी हसलो नाही. मग अडकित्ता खाली ठेवून तू विचारलंस, "बाबल, त्या सायबान शेवटाक इचारल्यान ता, ता इचारतले ह्या तुका आदी ठावक होता?"

मी म्हणालो, "नाय."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. लहानपणी माझा पाय चिखलात रुतला की बघायचीस तसं. मग उठलीस, सुपारी दिलीस, आणि म्हणालीस, "चल, तर सुटात."

त्यानंतर तू जे केलंस ते मी लांबून पाहत होतो. निवडणुकीचा नकाशा दोन तुकडे करतो, तर आपण आपला वेगळा नकाशा करू, असं तू ठरवलंस. दोन्ही काठांवरच्या बायकांची मिळून एक संस्था नोंदवलीस, आणि कार्यक्षेत्राच्या रकान्यात दोन्ही गावं एका ओळीत लिहिलीस. ओरोसला किती खेपा घातल्यास ते मला नोंदणी कचेरीतल्या ओळखीच्या माणसाकडून कळायचं. माझ्याकडे तू एकदाही आली नाहीस. मग निवडणूक लागली. तू आणि शेवंता दोन्ही गटांतल्या झाडून सगळ्या उमेदवारांकडे गेलात, एकच मजकूर घेऊन. निवडून आलो तर खाडीवरच्या बर्फघराचं शिफारसपत्र देईन, खाली सही. फोनवर तू मला म्हणालीस, "निवडान कोण येतलो ता देवाक ठावक. म्हणान सगळ्यांच्या सह्यो घेतलंय."

निवडून आले ते दोघे वेगवेगळ्या पक्षांचे, एकमेकांच्या मांडवात न जाणारे. तरी दोघांनी पत्रं दिली. कारण दोघांच्याही सह्या तुझ्या पिशवीत होत्या. जिल्ह्याच्या आराखड्यातल्या कामांच्या यादीत तुमचं बर्फघर आलं, तेव्हा तू दुपारी भर कामाच्या वेळेला फोन केलास. "बाबल, तुमी आमचे दोन तुकडे केलास मां? आता एका सोडून दोन सदस्य आमच्या दारात येतत." तुझ्या आवाजात खुशी होती. मला चिडवत होतीस. माफ करत होतीस की नाही ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग तुला ताप आला. छातीत उतरला. ओरोसचं रुग्णालय माझ्या क्वार्टरपासून चालत दहा मिनिटांवर. तीन दिवस सकाळी मी पेज घेऊन येत होतो. तिसऱ्या दिवशी तुला बरं वाटत होतं. उठून बसली होतीस, केस विंचरून घेतले होतेस. येताना मी ठरवून आलो होतो. म्हणालो, "आक्का, त्या सुनावणीच्या आदी एक गजाल झाली..." तू माझ्या मनगटावरचं घड्याळ आपल्याकडे वळवून पाहिलंस. "साडेधा वाजान गेले. कचेरीत जा. सांजेक सांग." मी गेलो. दोन वाजता फोन आला.

तुला आधी तुझ्या घरी नेलं, पलतडीला. मग सोपस्कार झाल्यावर तरीतून अलतडीला. भावोजींनी दुसऱ्या कुणाला होडी हाकू दिली नाही. भरती होती. दोन्ही धक्क्यांवर बायका उभ्या होत्या आणि कुणी मोठ्यानं रडत नव्हतं. मी तुझ्या पायाशी बसलो होतो. मधोमध आलो तेव्हा मला कळलं की आपण रेष ओलांडतोय. आक्का, मी तिथे पाण्याकडे वाकून पाहिलं. काही म्हणजे काही नव्हतं तिथे.

बाराव्याच्या दिवशी दुपारी मी परतीच्या तरीत बसलो. शेजारी शेवंता होती. होडी सुटल्यावर ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "भाऊनू, एक सांगू? आमी हरकत लिवताना मी आक्काक म्हटलंय, तुझो भाव त्याच खात्यात आसा, तेका इचारुया, कसा लिवक व्हया ता. तर ती माझ्यावर खवळली. म्हणाली, तेका इचारू नको. इचारलंस तर तो सांगतलो. मगे तेका तरास होतलो."

होडीचं इंजिन चालू होतं. मी तिला पुन्हा विचारलं, आणि तिनं ते शब्द पुन्हा तसेच सांगितले. इचारलंस तर तो सांगतलो.

तुला माझी एवढी खात्री होती. मला नव्हती, अजूनही नाही. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं का, हे मी त्या दिवसापासून रोज स्वतःला विचारतोय, आणि रोज उत्तर वेगळं येतं.

मी शेवंताला सगळं सांगितलं. अर्ज, आंबोलीचे काका, पेन्सिलीचा कागद, भाऊबीज. तिनं ऐकलं. मला वाटलं ती भांडेल. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, आणि धक्का जवळ आल्यावर म्हणाली, "ह्या माका कित्याक सांगतास? तिका सांगा."

म्हणून लिहितोय. आक्का, माका ठावक होता. तू विचारलंस त्या दिवशीही ठावक होता.

तुला आणखी एक सांगायचं राहिलं. काल रविवारी संस्थेची सभा झाली, तुझ्या ओटीवर. बर्फघर कुठल्या काठावर बांधायचं यावरून तुम्हा बायकांत धुसफूस होती हे मला माहीत नव्हतं. तू कुणाला बोलू दिलं नव्हतंस. पलतडीच्या बायका म्हणत होत्या, जागा आमच्याकडे आहे, आणि आक्का आमची. अलतडीच्या म्हणत होत्या, गाडीरस्ता आमच्याकडे आहे. दोनतीनदा आवाज चढले. मला शेवंतानं लिहायला बसवलं होतं. मी यावेळी गप्प राहिलो नाही. कुणाची बाजू घेतली नाही, पण अर्जात काय काय विचारलं जाईल ते एकेक करून सांगितलं. जागेचा उतारा, वीज, गाडी दारापर्यंत येते का, भरतीचं पाणी कुठवर चढतं, आणि प्रत्येकाचं उत्तर दोन्ही काठांसाठी मांडायला लावलं. शेवटी हात वर करायला सांगितले. अलतड ठरली. तुझ्या सासरच्या बायकांतल्याही निम्म्याअधिक जणींनी हात वर केले. एक म्हातारी म्हणाली, "बर्फ तरीत घालून हाडतलंव. तरीक काय जड?" उरलेल्या तोंड वाकडं करून गेल्या. त्यांची समजूत कोण घालणार आता, हा प्रश्न आहेच.

सगळ्या गेल्यावर मी चपला घातल्या. भावोजी म्हणाले, "जेवान जा." त्यांनी स्वतः चुलीवर तिसऱ्यांची आमटी केली होती. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वयंपाकघरात पाहिलं नव्हतं. आम्ही समोरासमोर बसलो. आमटीत मीठ नव्हतं. त्यांना कळलं, मला कळलं, आणि मीठ कुठल्या डब्यात असतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. भात कालवून, सावकाश, सगळं जेवलो.